बारा पाने आणि एक चूल

आमच्या गावच्या शाळेला मुंबईच्या एका कचेरीने टाकून दिलेले बारा संगणक मिळाले, तो २०११ सालचा जून महिना होता. पाऊस असा लागला होता की, टेम्पोतून उतरवेपर्यंत त्यांतले दोन न्हाऊन निघाले. ते वाळवून, पुसून उघडून पाहतो तो काय, बारांपैकी एकाच्याही पोटात हार्ड डिस्क नाही! कचेरीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ती काढून घेतली होती म्हणे. कास कापून घेतलेली गाय दान करावी, तसला हा प्रकार.

हेडमास्तर म्हणाले, "नाना, तुमचा सगळा जन्म तारांत गेला. यातून काही निघेल का?"

तेव्हाच 'नाही' म्हणालो असतो, तर पुढचे चार महिने सुखाने झोपलो असतो. पण निवृत्त माणसाला कोणी काही विचारले की त्याला 'नाही' म्हणवत नाही. मी 'पाहतो' म्हणालो आणि फसलो.

लिनक्सवर चालणारी एक युक्ती मी वाचून होतो. एलटीएसपी असे तिचे नाव. जिम मॅक्क्विलन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९९ च्या सुमारास हा उद्योग सुरू केला. युक्ती अशी की, शिजवायचे सगळे एकाच चुलीवर आणि बाकीच्यांनी नुसती पाने मांडून बसायचे. चूल म्हणजे सर्व्हर. पोरगा आपल्या पडद्यापुढे बसून चित्र काढतो खरा, पण ते काम चाललेले असते कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये. पोरापुढचे यंत्र फक्त दाखवते आणि त्याने दाबलेल्या कळा पोचवते. अशा यंत्राला 'थिन क्लायंट' म्हणतात. आम्ही त्यांना 'गडी' म्हणू लागलो.

सर्व्हरला स्वतःसाठी २५६ एमबी आणि दर गड्यामागे १९२ एमबी मेमरी हवी, असा तेव्हाचा ढोबळ हिशेब होता. बारा गड्यांचे बरोबर अडीच जीबी भरतात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि चार जीबीचे यंत्र आले. त्यावर मी उबुंटूची १०.०४ ही आवृत्ती चढवली.

आता गडी जागा कसा होतो, हे थोडे सांगायला हवे. कारण पुढचे सारे रामायण त्यातच आहे. वीज मिळाली की, हार्ड डिस्क नसलेला गडी तारेवर ओरडतो, "कोणी आहे का? मी कोण? माझा पत्ता काय?" लग्नाच्या मांडवात अनोळखी पाहुणा शिरावा तसा. दारात डीएचसीपी नावाचा कारभारी उभा असतो. तो पाहुण्याला पत्ता देतो आणि शिवाय सांगतो की, बाबा रे, अमुक ठिकाणी जा आणि अमुक नावाची फाइल माग. मग टीएफटीपी नावाच्या वाटेने ती फाइल येते, तिच्यामागून कर्नल येतो आणि सरतेशेवटी पडद्यावर नाव विचारणारी चौकट उगवते. चार यंत्रांच्या कार्डांत हे ओरडण्याचे कसबच नव्हते. त्यांच्यासाठी मी फ्लॉप्या तयार केल्या. कोकणातल्या हवेत त्यांना बुरशी धरली तेव्हा पुन्हा केल्या. एकदा सर्व्हरचा पत्ता बदलला आणि 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणून सगळे गडी एका सुरात अडून बसले. किल्ल्या नव्या करून इमेज पुन्हा बांधली, तेव्हा समजूत पटली. ही दुखणी येतात आणि जातात.

ऑगस्टात मात्र भलतेच दुखणे सुरू झाले. सकाळी बाराही गडी सुरळीत उठत. दुपारी आठवीच्या तासाला मुले ती बंद करून पुन्हा लावत, तेव्हा कधी चार, कधी सात गडी काळ्या पडद्यावर 'पीएक्सई-ई५३' असे लिहून स्वस्थ बसत. अर्थ असा की, फाइलचे नाव मिळाले नाही. आज जो रुसला तो उद्या बरा, उद्या दुसराच कोणी रुसलेला. मी तारांची टोके नव्याने बसवली, कार्डे अदलाबदल करून पाहिली, सर्व्हर दोनदा नव्याने मांडला. काही उपयोग नाही.

आता माझ्या हातून झाले ते सांगतो. मधल्या सुट्टीत शिपाईमामा त्या खोलीत झाडू मारत आणि बिघाड नेमका त्यानंतर होई. माझ्या बुद्धीने दोन आणि दोन पाच केले. एके दिवशी मुलांच्या देखत मी म्हणालो, "मामा, झाडताना तारा ओढत जाऊ नका. चार हजार वेळा सांगितले!" खरे तर एकदाही सांगितले नव्हते. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते गुडघ्यांवर बसून, टेबलांखालचा केर हातांनी वेचू लागले. साठीला आलेला माणूस. ते पाहूनही मी गप्प राहिलो, कारण मला वाटले, आता तरी यंत्रे चालतील.

ती चालली नाहीत.

अखेर जे पहिल्या दिवशी करायचे ते मी तिसऱ्या आठवड्यात केले. सर्व्हरची रोजनिशी उघडून ओळ न् ओळ वाचली. आमचे सगळे पत्ते १९२.१६८.० च्या घरचे. आमचा कारभारी तेच देत होता. पण रुसलेला गडी मागत होता १९२.१६८.१ च्या घरचा पत्ता. म्हणजे मांडवाच्या दारात दुसराच कोणी उभा होता! तो पाहुण्याला बसायला पाट देत होता, पण पान कुठे वाढले आहे ते त्याला ठाऊकच नव्हते. आमची जुनी कार्डे अशी भोळी की, जो आधी बोलेल त्याच्यामागे जाणारी. म्हणूनच रोज नवे गडी फसत.

हा दुसरा कोण, याचा विचार करीत मी स्विचपुढे उभा होतो. शेजारी आठवीतली एक मुलगी होती. ती म्हणाली, "आजोबा, चौदा दिवे का लागलेत? सकाळी तेरा असतात."

बारा गडी आणि एक सर्व्हर, मिळून तेरा. चौदावी तार खिडकीतून बाहेर, भिंतीपलीकडे कार्यालयात गेली होती. तिथे कारकून भाऊसाहेब इंटरनेटवर माहिती भरत बसले होते. ते काम दुपारचे, म्हणून त्यांचा राउटर दुपारीच चालू होई. तारेचे मोकळे टोक दिसले, राउटरला मोकळे भोक दिसले, त्यांनी ते बसवून टाकले होते. राउटर म्हटला की पत्ते वाटणे त्याच्या रक्तातच असते.

मी भाऊसाहेबांवर उखडणार होतो. तेवढ्यात आठवले, पुढेमागे कार्यालयात छपाईयंत्र जोडता येईल म्हणून जूनमध्ये ती तार मीच टाकून ठेवली होती आणि कोणाला सांगायचे विसरलो होतो.

तार काढली. बारा गडी उठले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला ऐकवेनात.

पुढे ती यंत्रे २०१५ पर्यंत चालली. २०१९ साली एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिले गेले. आता बहुतेक काम गडी स्वतःच करतात, चुलीवर पूर्वीइतका भार राहिलेला नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मामांना चहाला नेले आणि मुलांसमोर बोललो ते चूक होते, असे सांगितले. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "नाना, मुलांसमोर बोललात, आता हे हॉटेलात सांगताय."

दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला मी त्यांना वर्गात बोलावून घेतले.