काळसर गव्हाची बिअर

मद्याविषयीं लिहावयाचें म्हटलें कीं आमच्या वर्गाची लेखणी अडखळते. पिणारा लपवितो, न पिणारा दूषणें देतो. चवीविषयीं कोणीच बोलत नाहीं. दारूनें धुळीस मिळालेला मामांचा संसार मीं पाहिला आहे. तरीही म्यूनिकमध्यें चाखलेल्या ‘डुंकेलव्हाइत्सन’विषयीं खरें तेंच सांगणार आहें.

रंग काकवीचा, वर चार बोटें फेंस, आणि वास चक्क पिकल्या केळ्याचा नि लवंगेचा! तींत केळें नसतें, लवंगही नसते; ही करामत सारी यीस्टची. निदान निम्मा माल्ट गव्हाचा, काळसरपणा भाजणीचा. १५१६ च्या बव्हेरियन फर्मानांत जव, हॉप आणि पाणी एवढेंच मान्य होतें. गव्हाची मुभा एका सरदारघराण्याला. तें १६०२ सालीं निर्वंश होतांच मक्ता खुद्द ड्यूकनेंच घेतला! प्रजेला वर्ज्य तें सत्तेला किफायतशीर, हें अबकारीचें तत्त्वज्ञान आपल्यालाही नवें नाहीं.

चव मऊ, गोडसर, पावाच्या खरपूस कडेसारखी, कडूपणा नांवाला. अर्ध्या पेल्यानंतर गोडी जिभेवर बसते खरी, आणि तळचा गाळ हलवून ओततात तो घोट मला मातकट लागला. ऐंशीच्या घरांतल्या मामी हें मासिक वाचतात. त्यांना वाईट वाटेल. पण बिअर चांगली होती.