अठरावा अपवाद

आमच्या वलगावात आजारपणासाठी पैसा उभा करण्याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेल्या आहेत: घरात कापूस वा सोयाबीन असेल तर ते बाजारात न्यावयाचे, संत्र्याचा बहार झाडावर असेल तर बगीचा व्यापाऱ्यास उक्ता देऊन इसार घ्यावयाचा, आणि यांपैकी काहीच हाताशी नसेल तर घरातील सोने गहाण टाकावयाचे. ज्या गाडगेबाबांनी कर्ज काढून सणसमारंभ करू नका असे गावोगाव कंठशोष करून सांगितले आणि ज्यांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आमच्याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी देह ठेवला, त्यांची आठवण सांगणारी माणसे लहानपणी मी अमाप पाहिली. तरीही दवाखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबापुढे कर्जावाचून दुसरा मार्ग असतो, असे मात्र माझ्या पाहण्यात फारसे आले नव्हते. म्हणून माझ्या मुलाने नोकरी लागल्यानंतर काही वर्षांनी स्वतःचा, पत्नीचा व माझा असा एकत्रित आरोग्य विमा उतरविला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईला मोठा दिलासा वाटला होता. हप्ता दर वर्षी वेळच्या वेळी भरला जाई, आणि पुस्तिका सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी कपाटात जपून ठेवलेली असे.

सूनबाईंना दिवस गेले तेव्हा घरात जो आनंद झाला त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. अठराव्या आठवड्यात अमरावतीस सोनोग्राफी झाली. तपासणीपूर्वी भरावयाचा नमुना भरून झाला होता, गर्भलिंगनिदान येथे केले जात नाही हा फलक नेहमीप्रमाणे भिंतीवर होता, आणि आम्ही सर्वजण निश्चिंत होतो. परंतु तपासणी नेहमीपेक्षा फार लांबली, डॉक्टरांनी एकदा पाहिलेले पुन्हा पाहिले, मग मुलाला व मला आत बोलावून शांतपणे सांगितले की गर्भाच्या डोक्याची कवटी बनलेलीच नाही, मेंदूचा मोठा भाग तयार झालेला नाही, आणि असे मूल जिवंत जन्मास आले तरी काही तास, फार तर काही दिवस जगते. यावर कोणताही उपाय वैद्यकशास्त्रापाशी नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. सूनबाई टेबलावरून उठल्या, पदर सावरला, आणि एवढेच म्हणाल्या, "आई, बाकीचं उद्या पाहू, आज मले घरी घेऊन चाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच निर्णय सांगितला, आणि तो निर्णय घेण्याचा त्यांना अधिकार आहे याबद्दल माझ्या मनात किंचितही संदेह नव्हता. १९७१ सालच्या गर्भपातविषयक कायद्याची पूर्वपीठिका माझ्या पिढीच्या शिक्षिकांना ठाऊक आहे: महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या समितीने १९६६ मध्ये आपला अहवाल दिला, त्याच्या आधारे संसदेने कायदा केला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. तोपर्यंत गर्भपात हा, स्त्रीचा प्राण वाचविण्याचा अपवाद वगळता, दंडविधानातील गुन्हा होता. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एकाच नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे ठरविले. गर्भात गंभीर व्यंग असण्याचा धोका हे कारण तर मूळ कायद्यातच नमूद आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती एवढीच काय ती संमती कायदा मागतो.

असे असता ज्या खाजगी रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो, तेथे शासनमान्य गर्भपात केंद्राचा दाखला भिंतीवर चौकटीत लावलेला असूनही, कारकुनाने पहिली मागणी केली ती पतीच्या सहीची. माझ्या मुलाची सही देण्यास हरकत नव्हती, परंतु मी त्या गृहस्थांना विचारले की ही सही कोणत्या कलमान्वये लागते. त्यांना उत्तर देता आले नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जो निर्णय दिला, त्यात कायद्याने न सांगितलेल्या अशा अटी, कुटुंबीयांची संमती, नाना तऱ्हेचे कागद, न्यायालयाची परवानगी, डॉक्टरांनी स्त्रियांवर लादू नयेत असे स्पष्ट म्हटलेले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अमरावतीच्या एका टेबलापर्यंत पोहोचावयास इतका वेळ लागावा, याचा मला मनस्वी खेद झाला.

खरा आघात मात्र दुपारी झाला. रुग्णालयाने अनामत रक्कम सांगितली, ती मुलाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. त्याने विम्याचे कार्ड पुढे केले, कंपनीकडे मंजुरीसाठी अर्ज गेला, आणि थोड्याच वेळात उत्तर आले: नामंजूर. कारण म्हणून केवळ एक संकेतांक दिलेला होता. रात्री घरी येऊन मी ती पुस्तिका काढली, चष्मा लावला, आणि अपवादांच्या यादीतील अठरावा संकेतांक शोधून काढला. बारीक टंकातल्या चार ओळींचा आशय असा होता की बाळंतपणाचा, मग ते गुंतागुंतीचे असो वा शस्त्रक्रियेने झालेले असो, खर्च मिळणार नाही. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचा तेवढा मिळेल. अपघाताने झालेला वगळता गर्भस्रावाचा मिळणार नाही. आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपाताचाही मिळणार नाही. त्याच यादीत थोडे वर-खाली सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, साहसी खेळातील दुखापती, व्यसनांवरील उपचार हे अपवाद होते. ज्या मातेला आपल्या बाळाच्या डोक्याची कवटीच नाही असे आदल्या दिवशी कळले, तिच्या दुःखाला या पंक्तीत बसविलेले पाहून त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा उमगले की हे शब्द त्या एका कंपनीने रचलेले नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली, २०२० च्या ऑक्टोबरपासून ती जुन्या पुस्तिकांनाही लागू झाली, आणि मातृत्वाचा हा अपवाद त्या नमुन्यातूनच शब्दशः उतरलेला आहे. एखाद्या कंपनीस मातृत्वाचे संरक्षण द्यावयाचे असेल तर तिला मज्जाव नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन व दोन-चार वर्षे थांबावयास लावून ते देतातही. परंतु द्यावेच लागेल असा हुकूम कोठेही नाही.

याउलट, नोकरदार स्त्रीच्या बाबतीत याच देशाच्या कायद्याने किती समंजसपणा दाखविला आहे पाहा. सूनबाई अमरावतीच्या एका पतसंस्थेत नोकरीस आहेत. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात १९९५ साली दुरुस्ती होऊन गर्भस्रावाप्रमाणेच वैद्यकीय गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची भरपगारी रजा देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि त्या कलमाचा आधार देऊन त्यांनी केलेला अर्ज विनातक्रार मंजूर झाला. शरीर झिजले आहे, त्यास विश्रांती हवी आणि त्या काळात घर चालले पाहिजे, हे संसदेस पटले. मग त्याच शरीरावरील उपचाराचा खर्च विम्यातून का वगळावा, याचे समर्थन मला आजवर कोणी दिलेले नाही.

आम्ही कर्ज काढले नाही, कारण शेजारच्या आशाताईंनी सकाळीच येऊन निक्षून सांगितले, "गुरुजीबाई, कायले पैसे घालता? डफरीनले चाला, तिथं काहीच नाही लागत." अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आमच्याकडे अजूनही जुन्याच नावाने ओळखतात. गर्दी होती, बाकावर जागा मिळवावी लागली, सोबत आणलेली चादर उपयोगी पडली. परंतु डॉक्टरबाईंनी अहवाल शांतपणे वाचला, आपले मत नमुन्यात लिहिले, आणि परिचारिकेने संमतिपत्रकाचा कागद सूनबाईंपुढे ठेवून त्यातील प्रत्येक ओळ मराठीतून समजावून सांगितली. माझा मुलगा सवयीने पेन काढून पुढे सरसावला तेव्हा ती बाई म्हणाली, "दादा, सही यायचीच लागते, तुमची नाही." नावाची नोंद ज्या वहीत झाली ती कायद्यानेच गोपनीय ठरविलेली आहे आणि इतर कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक घालतात, हेही तिने आपण होऊन सांगितले, ज्यायोगे सूनबाईंच्या मनावरचे एक मोठे ओझे उतरले, कारण वलगाव ते अमरावती हे अंतर इतके थोडे आहे की दवाखान्यातील बातमी कधीकधी रुग्णाच्या आधी गावात पोहोचते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासून सर्व काही निःशुल्क झाले आहे. आम्हांस खरोखरच एक पैसाही पडला नाही.

न्यूजर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीस हे फोनवर सांगितले तेव्हा तिला प्रथम विश्वासच बसेना. तिकडे १९७६ पासून हेन्री हाइड यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती दर वर्षी अंदाजपत्रकास जोडली जाते, तिच्यामुळे मोजके अपवाद वगळता केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरता येत नाही, आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरविली. तिच्या राज्याप्रमाणे काही राज्ये आपल्या तिजोरीतून गरीब स्त्रियांचा खर्च करतात, काही तर विमा कंपन्यांवर हा खर्च देण्याची सक्ती करतात, आणि काही राज्यांत खाजगी विम्यालासुद्धा बंदी आहे. उलट आयर्लंडमध्ये, जेथे २०१२ साली आमच्या बेळगावची डॉ. सविता हलप्पनवार योग्य वेळी गर्भपात न मिळाल्याने प्राणास मुकली, तेथे जनमताने घटना बदलून २०१९ च्या जानेवारीपासून ही सेवा रहिवाशांना विनामूल्य मिळू लागली. आपल्या देशाने सरकारी रुग्णालयाचे दार पन्नास वर्षांपूर्वीच उघडले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

पण त्या दारापर्यंत किती जणी पोहोचतात? मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज आहे की २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कोणत्याही रुग्णालयाबाहेर, गोळ्या मिळवून झाले. म्हणजे लक्षावधी स्त्रिया औषधांच्या दुकानात स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या खिशातील पैसा मोजतात, आणि रक्तस्राव न थांबल्यास अधिक पैसा मोजून खाजगी दवाखान्यात जातात. आपल्या राज्याची जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता, आणि आज तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. ज्या पुरुषाने १८६३ साली पुण्यात, समाजाने टाकलेल्या गर्भवती विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले, त्याच्या नावाची योजना स्त्रीच्या या प्रसंगी तिच्या मागे भक्कम उभी राहावी, ही अपेक्षा काही अवास्तव नव्हे.

विमा कंपन्यांना कायद्याने भाग पाडता येत नाही असे कोणी म्हणू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांवरील उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. २०२१ च्या सरोगसी कायद्याने सरोगेट मातेसाठी छत्तीस महिन्यांचा विमा सक्तीचा केला. ज्या संसदेने हे केले, तिनेच १९७१ च्या कायद्यात एक कलम वाढवून असे ठरवावे की या कायद्यानुसार झालेल्या गर्भपाताचा खर्च कोणत्याही आरोग्य विम्यातून वगळता येणार नाही. आणि तोवर नियामक प्राधिकरणाने निदान गर्भातील गंभीर व्यंग व मातेच्या जिवास असलेला धोका ही दोन कारणे तरी अठराव्या अपवादातून काढून टाकावीत. आमच्या खासदारांना मी या आशयाचे पत्र पाठविले आहे. ज्या घरात विम्याची पुस्तिका आहे त्यांनी ती आजच काढून अपवादांची यादी वाचावी, आपल्या खासदारांस लिहावे, आणि असा प्रसंग ओढवलाच तर सोने गहाण टाकण्यापूर्वी जिल्ह्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात जावे. तेथे पैसा लागत नाही, आणि सही फक्त त्या स्त्रीची लागते.