अडीच की साडेतीन?

माझी धाकटी बहीण नेदरलँड्समध्ये, द हेग शहरात, एका शाळेत गणित शिकवते. परवा रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला. एका विद्यार्थ्याच्या आईला भेटायचे ठरले होते ‘हाल्फ द्री’ला. हाल्फ म्हणजे अर्धा, द्री म्हणजे तीन. आमच्या बाई साडेतीनला हजर! पण डच भाषेत ‘हाल्फ द्री’ म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, अर्थात अडीच. ती माउली काम सोडून आली होती. वाट पाहून निघून गेली.

“दादा, आपली आईसुद्धा असाच खाडा करून शाळेत यायची ना?” एवढे बोलून ती गप्प झाली.

मला पालीच्या वर्गात शिकलेले आठवले. अडीचला पालीत ‘अड्ढतिय’ म्हणतात, म्हणजे तिसरा अर्धा. आपला ‘अडीच’ही त्याच घडणीचा. हे सांगितले तेव्हा कुठे ती हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्या माउलीला गाठून तिने मोडक्यातोडक्या डचमध्ये माफी मागितली. माफी मागायला भाषा पक्की यावी लागत नाही. वेळ मात्र ती आता आकड्यांतच लिहून घेते : १४.३०.