हरणाऱ्यांची व्यवस्था

उपनगरात बुद्धिबळाचे मंडळ काढावयाचे म्हटले की लोक प्रथम विचारतात ते शिकवणार कोण, आणि मग, किंचित संकोचाने, फी किती. हे प्रश्न गैरवाजवी नाहीत. परंतु डोंबिवलीसारख्या गावात, जेथे कर्ता मनुष्य सकाळची लोकल गाठण्यासाठी चहा उभ्याउभ्याच घेतो आणि रात्री फलाटावर उतरतो तेव्हा घरी जाऊन जेवण्यापलीकडे त्याच्यात काही उरलेले नसते, तेथे मंडळ तगते ते उत्तम खेळणाऱ्याच्या बळावर नव्हे. या रविवारी हरलेला मनुष्य पुढच्या रविवारी पुन्हा जिना चढतो किंवा नाही, यावर ते तगते. जिंकणाऱ्याला ठाणे आहे, दादर आहे, गावोगावच्या स्पर्धा आहेत. हरणाऱ्याला मात्र कोणीतरी जागा करून द्यावी लागते. मंडळ चालविण्याच्या कामात जी काही कारागिरी आहे, ती मला तरी एवढ्यातच दिसते.

जागेसाठी आम्ही एका गृहनिर्माण संस्थेकडे रीतसर दरखास्त केली. कार्यकारिणीच्या सभेत ती दोनदा तहकूब झाली. एका सन्माननीय सभासदांनी गोंगाटाची हरकत घेतली, जी या खेळाबाबत इतःपूर्वी कोणी घेतली असेल असे वाटत नाही. दुसऱ्यांनी विचारले की मुंबई हाकेच्या अंतरावर असता येथे वेगळा खटाटोप कशाला. मी त्यांना सांगलीचे उदाहरण दिले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारा तेथे जे केले, ते महानगरापासून दूर राहूनच केले. ठराव अखेर मंजूर झाला. शर्त एवढीच की रविवारी बारसे अथवा वाढदिवस असल्यास आम्ही सभागृह मोकळे करावे.

साहित्याची बाब त्याहून सोपी, तरी तिच्यातही खाचखळगे आहेत. लग्नात आहेर आलेले संगमरवरी पट लोक मोठ्या औदार्याने देऊ करतात, आणि ते घेऊन उपयोग नसतो, कारण त्यातला उंट व वजीर दोन हातांवरून ओळखू येत नाहीत. १८४९ साली लंडनमध्ये विक्रीस आलेला स्टाँटन घाट आजही सर्वत्र चालतो, तो केवळ नावाच्या पुण्याईने नव्हे; त्यातील प्रत्येक मोहरा नजर पडताच आपली जात सांगतो. राजा साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, पटाचे घर पाच ते सहा सेंटिमीटरचे, आणि तळाशी वजन भरलेले: एवढे पाहून घ्यावे. प्रत्येक पेटीत दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर अवश्य ठेवावा. तो नसला म्हणजे शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याच्या जागी मुले हत्ती उलटा करून ठेवतात. आणि उलटा ठेवला तरी हत्ती हा नियमाने हत्तीच असल्यामुळे तेथून जो कज्जा उद्भवतो तो सोडवता सोडवता काळोख पडतो.

खरा तंटा नियमांचा होता. आमच्याकडे येणारे वयस्क गृहस्थ वडिलांच्या मांडीशी बसून देशी खेळ शिकलेले. त्यांच्या मते प्यादे एकच घर चालते, राजाला सबंध डावात एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असते, आणि प्यादे पलीकडच्या ज्या घरी पोचेल त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेते. मुले मात्र किल्लेकोट करीत, प्यादे दोन घरे रेटीत, आणि शेजारून निसटलेले प्यादे मागच्या रिकाम्या घरात शिरून उचलीत. हा शेवटचा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा एक निवृत्त हिशेबनीस खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि म्हणाले, “ही सरळ चोरी आहे!” त्यांना मी सांगितले की हा वाद आपल्या आजोबांहूनही जुना आहे: त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेव्हाच त्याच्या शीर्षकात तो युरोपीय रीतीच्या खेळाशी जुळवून घेतल्याचा निर्देश करावा लागला होता. त्यांचे समाधान झाले नाही. मग अशी तजवीज केली की स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी व्हाव्यात, आणि सायंकाळचा अखेरचा तास देशी पटाला द्यावा.

या तासाने मुलांना जे दिले ते मी ठरवून दिलेले नव्हते. त्या खेळात प्रतिस्पर्ध्याचे सर्व मोहरे खाऊन त्याचा राजा एकटा उरला तर तो डाव पुरता जिंकला असे होत नाही; ती बुर्जी. म्हणून जिंकणाऱ्याला समोरच्याचा एखादा मोहरा जाणूनबुजून राखावा लागतो आणि तो राखूनच मात द्यावी लागते. दिसेल ते मारीत सुटण्याची सवय जडलेल्या मुलांना हा संयम प्रथम हास्यास्पद वाटला, मग अवघड वाटला.

जोड्या कशा लावाव्यात, यावर मी इतर कशाहीपेक्षा अधिक वेळ खर्च केला आहे. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीनंतर निम्मी माणसे चपला घालतात. साखळी न्याय्य खरी, परंतु बारा खेळाडूंना सहासष्ट डाव लागतात, आणि एवढे रविवार कोणाकडे आहेत? उरते ती स्विस पद्धत: समान गुणांचे समोरासमोर, कोणी बाद नाही, बत्तीस जणांना पाच फेऱ्या पुरतात. तिची थोरवी लोक विजेता लवकर ठरतो यात मानतात. मला ती खालच्या पटांवर दिसते. पहिल्या दोन फेऱ्या हरलेला मनुष्य तिसऱ्या फेरीत आपल्यासारख्याच एका हरलेल्यासमोर बसतो, आणि दिवसातली सर्वांत चुरशीची लढत कित्येकदा तेथे, भिंतीलगतच्या शेवटच्या टेबलावर होते.

डाव संपल्यावर उठावयाचे नाही, हा आमचा एक अलिखित कायदा. भ्रमणध्वनीवर हरलेले मूल बोटाच्या एका स्पर्शाने नवा डाव मांडते आणि पराभव पुसून टाकते; येथे त्याने हस्तांदोलन करावे, मोहरे पुन्हा लावावेत, आणि दोघांनी मिळून डाव कोठे फिरला ते शोधावे. खेळाडू याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्यासाठी प्रत्येक चाल कागदावर नोंदलेली हवी, म्हणून नोंदीचा आग्रह. त्या हिशेबनिसांचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि खेळ बेताचा. परंतु आठवीतली जी मुलगी त्यांना नेमाने हरवते, ती आपली चूक समजून घेण्यासाठी त्यांच्याच कागदावर ओणवी होते, कारण तिचा स्वतःचा कागद तिलाही वाचता येत नाही.

मुली आता पुष्कळ येतात. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि पुढे दशकभर ते अजिंक्यपद गिरगावातल्या खाडिलकरांच्या तीन मुलींनी घराबाहेर जाऊ दिले नाही, हे आजच्या पालकांना ठाऊक नसते; २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत विश्वचषक जिंकल्याचे मात्र सर्वांना ठाऊक असते. यात आनंद आहे आणि उपद्रवही आहे, कारण दाराशी उभी असलेली आई मूल बाहेर पडताच “जिंकलीस का?” असे विचारते. पालकांनी खाली आवारात थांबावे आणि मूल सांगेपर्यंत निकाल विचारू नये, अशी पाटी आम्ही लावली आहे. पहिला भाग पाळला जातो.

तूर्त कपाटाचा प्रश्न आहे. पट, घड्याळे आणि नोंदीचे गठ्ठे ठेवण्यास सभागृहात एक कपाट मिळावे, असा अर्ज कार्यकारिणीकडे दिला असून तो विचाराधीन आहे. तोवर सर्व पेट्या आमच्या घरी शिवणयंत्राखाली राहतात, आणि त्या तेथे किती दिवस राहणार याची चौकशी घरातून दर सोमवारी होते.