शाकारलेली होडी

सरकारी हुकुमाप्रमाणे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या मुदतीच्या आरंभी उत्तनच्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या आमच्या होडीत मी काकांबरोबर मरामतीस बसलो होतो. जिच्यात खलाशी आठ-आठ दिवस रांधतात नि निजतात, ती होडी म्हणजे एक फिरते घरच. ऋतू पालटताच तिचाही संसार आवरावा लागतो. इंजिनातून गोडे पाणी फिरवून खार काढला, बॅटरीच्या तारा सोडवून टोकांना ग्रीस लावले, बर्फाचा कप्पा धुऊन, कुबट वास धरू नये म्हणून, उघडा ठेवला.

शेगडीपाशी मात्र हात थबकला. मिठाने व काजळीने बुजलेली पितळी बर्नरची छिद्रे एकेक मोकळी करताना, गतवर्षी दुखण्याने किनाऱ्याला खिळलेल्या वडिलांनी हिच्यावरच उकळलेला पहाटेचा चहा आठवला.

"हळू रे," काका म्हणाले, "नोझलचं भोक मोठं झालं की ज्योत पिवळी पडते."

होडी शाकारून शेगडी घरी आणली. ऑगस्टला अद्याप पुष्कळ अवकाश आहे. वडिलांनी ती उशाशी ठेवावयास सांगितली. कारण विचारावेसे वाटले, विचारले नाही. बाहेर पाऊस लागला होता.