आधी त्यांना लिहू दे

चि. मनू,


तू पॅथॉलॉजीची सहायक प्राध्यापक झालीस याचा आनंद आहेच. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, रेसिडेंट प्रत्येक स्लाइड घेऊन येतात, मी बघून सांगून टाकते, काम लवकर उरकतं." तेव्हापासून हे पत्र मनात होतं. सांगून टाकू नकोस, मनू. त्यांनी आपलं निदान कागदावर उतरवल्याशिवाय तू स्लाइड बघायचीच नाही.

दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप उपयोगी खरा, पण त्याची वाईट सवय लागते. स्लाइड तू फिरवतेस, तू थांबतेस तिथे तेही थांबतात, तुझा बाण जिथे असेल तेवढंच त्यांना दिसतं. अशाने दाखवलेलं ओळखता येतं, शोधता येत नाही. लिम्फ नोडच्या कडेला दडलेला कॅन्सरच्या पेशींचा बारीक पुंजका तर शोधणाऱ्यालाच सापडतो. म्हणून स्लाइड, रुग्णाची माहिती आणि कोरा फॉर्म देऊन त्यांना एकटं बसव. काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, दुसरं काय असू शकेल आणि पुढे कोणता स्टेन हवा, एवढं लिहून खाली सही करू दे. मग दोघं मिळून बघा. त्यांचं लिहिलेलं खोडू नकोस, तुझं मत त्याखाली लिही. काही महिन्यांनी तेच कागद चाळलेस की कुणाच्या नजरेतून ग्रॅन्युलोमा निसटतो आणि कोण जरा गडद केंद्रकं दिसली की कॅन्सर म्हणून मोकळं होतं, हे तुला कळेल आणि त्यांनाही.

मोकळीक मात्र सगळीकडे सारखी द्यायची नाही. स्लाइड पुन्हा बघता येते, ग्रॉसिंगमध्ये, म्हणजे नमुना कापताना, चुकीचा गेलेला छेद परत घेता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरचा नमुना कडांना शाई लावण्याआधीच आडवातिडवा कापला, तर कोणती कड कुठली हे नंतर सांगता येत नाही. कॅन्सर कडेपर्यंत पोचला होता का, या सर्जनच्या प्रश्नाला मग खात्रीचं उत्तर उरत नाही. तेव्हा अपेंडिक्स, पित्ताशय लवकर सोपव, पण कॅन्सरच्या मोठ्या नमुन्यांना अगदी तिसऱ्या वर्षातही शेजारी उभी राहा. सुरी त्यांच्याच हातात असू दे.

फ्रोझन सेक्शनलाही तू हवीसच. उणे २० अंशांच्या आसपास ताजा तुकडा गोठवून, कापून, रंगवून साधारण २० मिनिटांत थिएटरला उत्तर द्यायचं असतं, आणि रुग्ण टेबलावर असतो. पण सर्जनशी फोनवर रेसिडेंटलाच बोलू दे. "आत्ता नक्की सांगता येत नाही, पॅराफिन सेक्शनवर सांगते," हे न अडखळता म्हणता येणं मला स्वतंत्रपणाची सगळ्यात मोठी खूण वाटते. घाबरून दिलेलं ठाम उत्तर एखाद्या बाईचा निरोगी अवयव काढायला लावू शकतं.

याच्या उलट, काही वेळा थांबणं घातक असतं. रात्रीच्या ड्यूटीत स्मिअरवर ऑअर रॉडच्या जुड्या असलेले प्रोमायलोसाइट दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही. अशा पेशी दिसणाऱ्या ल्युकेमियात रक्तस्राव झपाट्याने जीव घेऊ शकतो. म्हणूनच जनुकीय तपासणीचा निकाल यायच्या आधी, नुसत्या संशयावरही एटीआरए हे औषध सुरू करतात. आधी वॉर्डला फोन, मग तुला. या क्रमाबद्दल आपल्याला कुणी रागावणार नाही, हे त्यांना पहिल्या रात्रीपूर्वीच ठाऊक हवं.

मी एवढी मागे लागते आहे, कारण तुझ्याकडे त्यांची तीनच वर्षं आहेत. एमडी झाल्यावर बंधपत्राच्या वर्षात यांतली एखादी मुलगी जिल्हा रुग्णालयात एकटी बसलेली असेल, आणि शेजारच्या खोलीत विचारायला कुणी नसेल. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केली. एमडीचा निकाल लागला की तिला सहीचा अधिकार मिळेल, पण ती सही निभावण्याची तयारी तुझ्याच विभागात व्हायला हवी. अवघड स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला पाठवण्यात कमीपणा नाही, हेही तिने तुझ्याकडूनच शिकायचं आहे. तुझ्या अवघड स्लाइड तू इतरांना दाखवतेस, ते तिला दिसू दे.

सुरुवातीला रिपोर्ट उशिरा निघतील. विभागप्रमुखांना तसं आधीच सांगून ठेव आणि येत्या सोमवारपासून सुरू कर. टेक्निशियनसमोर मात्र कुणाचं चुकलेलं निदान मोठ्याने वाचू नकोस.

तुझी,
आत्या