आर्जिनीनची कोंडी

यकृताच्या कॅन्सरवरच्या नव्या उपचारांबद्दल सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच रुग्ण होता. जुना हेपॅटायटिस बी, आधीच निबर झालेलं यकृत आणि त्यात मोठी गाठ. त्यांची मुलगी फाइलसोबत एन्झाइमच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आली होती. ‘डॉक्टर, केमोबरोबर एन्झाइम दिलं की लिव्हरचा कॅन्सर आटोक्यात येतो म्हणतात. हे चालू ठेवू ना?’

बाटलीत पपई-अननसातली एन्झाइम होती. यकृतातल्या गाठीवर त्यांचा उपयोग होतो याला पुरावा नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून अशा बाटल्या घरोघर पोहोचतात आणि तपासण्यांसाठी राखलेले पैसे त्यांत जातात, याचा मला मनस्वी राग येतो. पण तिनं ऐकलेलं सगळं खोटं नव्हतं.

१९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तद्रवामुळे उंदरांमधल्या लिम्फोमाच्या गाठी विरतात. ही किमया अ‍ॅस्पॅराजिनेज या एन्झाइमची, हे पुढं कळलं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आज केमोच्या जोडीनं सर्रास दिलं जातं. पेशीला लागणारं एक अमिनो आम्ल रक्तातून काढून घ्यायचं, एवढंच ते करतं. निरोगी पेशी ते आम्ल स्वतः बनवतात, कॅन्सरची पेशी बनवू शकत नाही.

यकृताच्या कॅन्सरमध्ये असंच नातं आर्जिनीन या अमिनो आम्लाशी आहे. निरोगी यकृतात युरिया तयार होतो त्या चक्रात एएसएस-१ नावाचं एन्झाइम असतं. सिट्रुलीनपासून आर्जिनीन बनवण्याच्या वाटेवरचा तो आवश्यक टप्पा. यकृताच्या बऱ्याच गाठींमध्ये तो बंद पडलेला असतो. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाकडून घेतलेलं आर्जिनीन डीइमिनेज हे एन्झाइम रक्तातल्या आर्जिनीनचं सिट्रुलीन करून टाकतं. निरोगी पेशी त्या सिट्रुलीनपासून पुन्हा आर्जिनीन उभं करतात, गाठीची मात्र कोंडी होते. शिवाय या उपासमारीत डीएनए बनवण्याची यंत्रणा दुबळी पडते, आणि फ्लुरोयुरॅसिलसारखं केमोचं औषध नेमकं तिथंच घाव घालतं. म्हणून ही जोडी. मला हे जीवरसायन आजही विलक्षण सुंदर वाटतं.

मग निकाल? हे एन्झाइम एकटं देऊन ६३५ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात एन्झाइम मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ७.८ महिने आणि न मिळालेल्यांचं ७.४. म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. फॉलफॉक्स या केमोबरोबरच्या छोट्या, सुरुवातीच्या चाचणीत सुमारे पाचांतल्या एका रुग्णाची गाठ आक्रसली होती. पुढच्या मोठ्या टप्प्यात हे प्रमाण दहात एकाच्याही खाली आलं.

इथं आम्हा डॉक्टरांमधला वाद सुरू होतो. परकं प्रथिन म्हणून शरीर या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि आर्जिनीन पुन्हा वर येतं. ज्यांच्या रक्तात ते जास्त काळ कमी राहिलं ते जास्त जगल्यासारखे दिसले. समर्थक याकडे बोट दाखवतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. आर्जिनीन जास्त आठवडे कमी राहण्यासाठी रुग्ण तेवढे आठवडे जगावा लागतो. जो दुसऱ्याच आठवड्यात गेला, तो त्या गटात येणार कसा? तुलना सुरुवातीलाच कललेली आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्या मोठ्या चाचणीत एएसएस-१ तपासून रुग्ण निवडलेच नव्हते. ज्यांची गाठ आर्जिनीन स्वतः बनवू शकते त्यांनाही तेच इंजेक्शन मिळालं. याउलट फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे मेसोथेलिओमात, एएसएस-१ हरवण्याचं प्रमाण ज्या प्रकारांत जास्त, तेच रुग्ण घेतले आणि केमोची जोड दिली. २०२४ मध्ये छापलेल्या निकालात मध्यक आयुष्य ७.७ महिन्यांऐवजी ९.३. वाढ लहान, पण खरी. यामुळे यकृतातही असंच घडेल हे सिद्ध होत नाही. योग्य रुग्ण निवडून तिथं पुन्हा पाहायला हवं, एवढं मात्र ठरतं.

आता खरी अडचण. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे निबर झालेल्या यकृतातली गाठ सीटी स्कॅनवर विशिष्ट रीतीनं उजळली की बायोप्सीशिवायच निदान पक्कं धरतात. नियम योग्यच आहे, कारण अशा यकृतात सुई घालणं म्हणजे रक्तस्रावाचा धोका. पण मग एएसएस-१ तपासायला तुकडाच हाती नसतो. त्या मुलीच्या वडिलांचीही बायोप्सी झालेली नव्हती. ‘ते खरं एन्झाइम बाबांना चालेल का?’ असं तिनं विचारलं, तेव्हा ते चाचणीबाहेर मिळत नाही, एवढंच मी सांगू शकलो. त्यांच्या गाठीला आर्जिनीन बाहेरून लागत होतं की नाही, हे कधीच कळणार नाही. हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आज यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅबसारख्या जोड्या पहिल्यांदा दिल्या जातात, आणि ते बरोबर आहे. एन्झाइम-केमोची जोडी चाचणीबाहेर कुणाला द्यावी असं माझं मत नाही. मात्र रक्त गोठण्याची क्षमता ठीक असेल आणि डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली, तर ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीनं नकार देऊ नका. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका थोडा आहे, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. काढलेला तुकडा जपून ठेवायला सांगा, आणि बाटलीतल्या एन्झाइमवर एक रुपयाही खर्च करू नका.